वॉटी काउईचा अस्सल लोकरी किल्ट

—काय लावलंस? इस्त्री? थांब, आधी ते दार नीट लोट, बंदरावरचा वारा आत आला की धुतलेल्या चादरी खारट होतात माझ्या— हां. आता सांग परत. इस्त्री लावलीस तू याला. गरम? किती गरम? ...शेवटच्या आकड्यावर! शाबास रे पठ्ठ्या. त्या आकड्यावर मी हॉटेलातल्या टेबलांच्या चादरी करते, जाड सुती, आणि त्यासुद्धा पाणी मारून. मध्ये ओलं फडकं तरी ठेवलं होतंस का? नाही? थेट कापडावर? आणि मग वास आला, आणि मग इस्त्री चिकटली, आणि मग तू ती ओढलीस. कळलं, कळलं, हातवारे नको करूस, दिसतंय मला सगळं. बस. त्या बाकावर नको, त्याचा पाय निखळलाय— या खुर्चीवर बस. तू इस्लाचा होणारा नवरा ना? तिकडे इंग्लंडातल्या लीड्सचा? टोबी. अरे, कसं माहीत काय विचारतोस, आख्ख्या गावाला माहितीय. काल बेकरीत जाऊन तू क्रॉसाँ मागितलास तेही माहितीय. मिळाला का? नाही ना? इथं बटरी मिळते बटरी, चपटी, खारट, तीच खायची आणि गप्प बसायचं. मी इना मेअर. ही लॉण्ड्री माझी, एकतीस वर्षं. तुझ्या इस्लाची पाळण्यातली दुपटीसुद्धा याच चार नंबरच्या मशीनमध्ये धुतलीयत मी, तेव्हा माझ्यापुढं लाजायचं काही कारण नाही.

आण इकडे, पसर टेबलावर. सॉस सांडला, मग तू तो पाण्यानं पुसलास, मग ओलं झालं म्हणून वाळवायला इस्त्री घेतलीस— असंच ना? पण लग्नात नेसायचा हा किल्ट आधीच घालून मासे-बटाटे खायला कुणी सांगितलं होतं तुला? ...आरशात बघत होतास? उभ्याउभ्या? कसा दिसतो म्हणून? बरं, दिसलास कसा? ...गुडघे छान आहेत म्हणाली इस्ला? मग झालं तर, अर्धं लग्न पार पडलं. हे बघ, असं तोंड करू नकोस. डाग बाहेरच्या पदरावर आहे, तो निघेल. चटका आतल्या पदरावर आहे— आधी आतून करून बघितलंस, तेवढी अक्कल वापरलीस म्हणायची— तळहाताएवढा, चकचकीत. तो नाही निघायचा. पण तो दिसायचाही नाही. किल्टला दोन पदर, एकावर एक, आतला पदर बघतंय कोण? बायको. आणि तिनं बघेपर्यंत लग्न लागलेलं असतं. आज मंगळवार, शनिवारच्या लग्नाला चिक्कार वेळ आहे. मी धुते, वाळवते, निऱ्या बसवते, शुक्रवारी घेऊन जा, आणि तुझ्या सासऱ्याला एक शब्द—

कुठं? अॅबरडीनला? कशाला अॅबरडीनला! ...तीन वाजता? आज? कंबर मोठी करायला? सासऱ्यानं? वॉटीनं पाठवलं? त्या किल्टवाल्या शिंप्याकडे? नाही नाही नाही. काही जायचं नाही अॅबरडीनला. अरे, तो शिंपी म्हणजे काय चीज आहे माहितीय तुला? ऐंशी वर्षांचा आहे, डोळ्यांनी दिसत नाही, पण कापडाला नुसतं बोट लावतो आणि मेंढी कुठल्या डोंगरावर चरली ते सांगतो. त्याच्याकडे हा किल्ट न्यायचा नाही. का म्हणजे? बस चुकली तुझी. ...पावणेदोनची असली म्हणून काय झालं, तीही चुकली. कंबर मी मोठी करते. तीन पट्टे, तीन बकलं, चार बोटं सरकवायची, त्याला काय शिंपी लागतो? तुझी कंबर किती? खरं सांग. ...लग्नातला केक खायच्या आधी की नंतर? बरं, पाच बोटं सरकवू.

घे, आधी चहा घे. तूच ओत, माझे हात ओले आहेत. किटलीची ती टोपी काढ आणि बाजूला ठेव. सावकाश. ...काही नाही रे, जुन्या कापडाची आहे. चहा गरम राहतो म्हणून घालते, झालं. जाड आहे ना? लोकरीची जाडच असते. चौकडा तसाच? कुठं तसाच? हिरवा-निळा चौकडा काय एकाचाच असतो का, इथं गावात निम्म्या घरांत पडद्यांपासून कुत्र्याच्या पट्ट्यापर्यंत तोच आहे. ठेव म्हटलं ना खाली. तुझा सासरा येतो ना, तोही असाच करतो— आला की आधी किटलीवर थाप, आणि ‘काय म्हातारबुवा, बरे आहात ना’. किटलीला! मी म्हणते, एकटा राहतो, बोलू दे किटलीशी. माझी चार नंबरची मशीन खडखडायला लागली की मी तिच्याशी बोलतेच की. साखर घे. दोन घे, तुला धक्का बसलाय.

आता इकडे लक्ष दे, म्हणजे जन्मभर कामाला येईल. मी बोलता बोलता टाके घालते. किल्ट धुवायच्या आधी काय करायचं? मशीनमध्ये टाकायचा नाही. आधी या निऱ्या, मागच्या, सत्तावीस आहेत या— प्रत्येक निरी तिच्या घडीवर नीट बसवायची आणि वरून कच्चा टाका घालायचा, पांढऱ्या दोऱ्यानं, म्हणजे नंतर उसवताना दिसतो. कमरेकडून खाली, तीन ओळी. हे केलं नाही ना, तर धुतल्यावर निऱ्यांचा नुसता खेळखंडोबा, एक इकडं एक तिकडं, आणि मग त्या परत बसवता बसवता तुझी नातवंडं शाळेत जायला लागतील. टाके झाले की उशीच्या अभ्र्यात घालायचा. हो, अभ्र्यात. जुना, मऊ, आणि तोंड बांधायचं, म्हणजे बकलं मशीनला ओरबाडत नाहीत. पाणी गार. साबण थोडा. पिळायचं सावकाश. आणि ड्रायरमध्ये— हे नीट ऐक— ड्रायरमध्ये कधीही, कधीही नाही. कमरेच्या पट्टीला चिमटे लावून टांगायचा, आपसूक वाळतो, दोन तासांत खडखडीत. आणि इस्त्री कोमट, वर ओलं फडकं, नुसती टेकवायची आणि उचलायची, दामटायची नाही, कारण पॉलिस्टरला आच लागली की ते वितळ—

काय? मी म्हटलं? पॉलिस्टर म्हटलं? छे. कधी? मी लोकर म्हटलं. म्हणजे मी म्हटलं की समजा पॉलिस्टर असतं तर. हे तर अस्सल लोकर आहे, आठ वार, वॉटीच्या आजोबांचा किल्ट, पलटणीतला, सगळ्या गावाला माहितीय. ...हो, लोकर वितळते की. जुनी झाली की वितळते. नाही वितळत? कुणी सांगितलं तुला? ...शाळेत विज्ञान शिकवतोस? बरं. बरं. इस्लानं शिक्षक गाठलाय हे मला कुणी सांगितलं नाही.

अरे, अरे, तोंड का लपवतोस? टोबी? बाळा, डोळे पूस, हा टॉवेल घे, तो नाही, तो मच्छीमारांचा आहे, हा घे. ...काय म्हणालास? शंभर वर्षांची वस्तू तुझ्या हातून— आजोबा लढाईला घालून गेले होते— आणि इस्लाचे बाबा तुला आयुष्यभर माफ करणार नाहीत? असं वाटतंय तुला? हे बघ, गप. रडू नकोस. कुठलंही माणूस रडलं की मला बघवत नाही. नको ना रे. ऐक, तू काहीसुद्धा जाळलेलं नाहीस. आजोबांच्या किल्टला तू हातसुद्धा लावलेला नाहीस. तुला... काय सांगू आता... गुन्हेगारांत तुझ्या आधी माझा नंबर लागतो. आजोबांचा किल्ट मी घालवला. सव्वीस वर्षांपूर्वी. झालं, बोलून टाकलं. देवा रे, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बोलले आणि तेही इंग्लंडहून आलेल्या पोरापाशी.

आता सुरुवात केलीच आहे तर सगळंच ऐक, अर्धवट ऐकून बाहेर गेलास तर जास्त वाईट. तेव्हा गावच्या पाइप बँडनं, बॅगपाइप आणि ढोलवाल्यांनी, नवे किल्ट घेतले, पॉलिस्टरचे, पावसात भिजले तरी पंचाईत नाही आणि मशीनमध्ये धुता येतात म्हणून. बारा वाजवणारे, बारा किल्ट. पण वॉटी ढोल वाजवायचा, आणि वॉटी म्हणाला, मी नाही असला प्लॅस्टिकचा घागरा घालणार, मी आजोबांचाच घालणार. चौकडा तोच, रंग तोच. लांबून बघितलं तर बारा सारखे. जवळून बघितलं तर अकरा आणि एक. तर उन्हाळ्याचे खेळ होते त्या आठवड्यात, तिथं बँड वाजणार, सगळे किल्ट माझ्याकडे धुवायला, आणि मी— माझा नवरा त्याच आठवड्यात समुद्रातल्या तेलविहिरीवरून घरी यायचा होता, आणि आला नाही, आलं ते त्याचं पत्र, नॉर्वेहून, की तिकडे एक बाई आहे आणि तो आता तिकडेच— जाऊ दे, त्याचं नाव काढायचं नाही मला. सांगायचं एवढंच की मी जवळून बघितलं नाही. बाराच्या बारा मशीनमध्ये. वर ड्रायर. कडक आचेवर. आणि नंतर दार उघडलं तर अकरा किल्ट, आणि एक— अरे, बाहुलीलासुद्धा आखूड झाला असता. एवढासा! लाकडाच्या फळीसारखा कडक. दोन हातांत धरून मी अशी उभी राहिले, आणि नवऱ्याच्या पत्रावर जे रडायचं राहिलं होतं ते सगळं त्या किल्टवर रडले.

मग? मग काय, सांगणार होते मी. देवाशपथ सांगणार होते. पण बाहेर बघते तर वॉटी समोरच्या धक्क्यावर आपल्या छोट्या इस्लाला खांद्यावर घेऊन उभा, आणि सगळ्यांना सांगतोय, शनिवारी आजोबांचा किल्ट घालणार, पणजोबा म्हणायचं हं तुझे, पणजोबा. कुठल्या तोंडानं सांगू? बँडचा एक किल्ट जास्तीचा होता, वॉटीसाठीच मागवलेला, त्यानं नाकारलेला, तो बँडच्या खोलीतल्या कपाटात पडून होता, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे? माझ्याकडे, कारण धुणं माझं. दोन दिवस दुकानाच्या दारावर ‘मशीन बिघडली’ची पाटी लावली. जुन्या किल्टचे कातडी पट्टे काढले, बकलं काढली, आतलं अस्तर काढलं— त्यावर शाईनं आजोबांचं नाव आहे ना, हे बघ, ए. काउई— आणि सगळंच्या सगळं नव्यावर शिवलं. बोटांना भोकं पडली. शुक्रवारी वॉटी आला, किल्ट हातात घेतला, आणि म्हणाला, इना, हा हलका का लागतोय?  मी म्हटलं, वॉटी, पाऊणशे वर्षांची धूळ निघाली त्यातून, ती काय हलकी होती? त्यानं असं बघितलं माझ्याकडे. मग म्हणाला, असेल. आणि घेऊन गेला.

आणि मग तो फुशारक्या मारायला लागला, तिथं माझी खरी परीक्षा. त्या शनिवारी पाऊस असा कोसळला की बँडमधले तिघं निमोनियाचे पाहुणे झाले असते, आणि अर्ध्या तासात वॉटीचा किल्ट कोरडा ठणठणीत. सगळ्यांना सांगत सुटला— बघा, अस्सल लोकर, तेलकट मेंढीची, पाणी धरतच नाही! बाकीच्या अकरांचेही तेवढ्यातच वाळले होते, पण ते कोण बघतो? वर्षअखेरीच्या नाचात त्याचा किल्ट मोज्यांना असा चिकटायचा की पाय उचलला की चुरचुर, चुरचुर, ठिणग्या. एकदा पाद्र्याच्या बायकोशी हात मिळवला तर दोघंही ओरडले. वॉटी म्हणाला, हे मोजे पॉलिस्टरचे, मोज्यांचा दोष.  तेव्हापासून शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालते, म्हणजे चिकटत नाही आणि ठिणग्या कमी उडतात. हेही लक्षात ठेव, शिक्षक. कपभर पुरे.

...आजोबांच्या किल्टचं काय झालं? तो आटलेला? तू फार प्रश्न विचारतोस. ...बघतोयस कुठं? ...टोपीकडे बघू नकोस. बरं, बघ. हो. ती. तीच. मग काय टाकून देऊ? आगीत घालू? माणूस लढाईतून परत आला ते कापड घालून! किटलीवर बरोबर बसलं ते, नुसती एक चीर मारली चोचीसाठी आणि एक दांड्यासाठी. चांगली सेवेत आहे. आणि हो, मला माहितीय कसं दिसतं ते, की वॉटी इथं बसून आजोबांच्या किल्टखालचा चहा पितो आणि त्याला पत्ता नाही. हसतोयस? हस. मघाशी रडत होतास, त्यापेक्षा हे बरं.

म्हणून अॅबरडीन नाही. कळलं आता? शनिवारी वॉटी सगळ्या हॉलपुढं भाषण करणार आहे, मला माहितीय, दोनदा माझ्यापुढं म्हणून दाखवलंय त्यानं, की हा माझ्या आजोबांचा अस्सल किल्ट, आठ वार, मी जावयाच्या कमरेला बांधतोय. आणि त्याआधी तो शिंपी बोट लावून म्हणाला असता, हे कसलं प्लॅस्टिक आणलंस— तर? गाव हसेल, ते हसू दे. पण वॉटी परत इथं यायचा नाही. तेवढंच. नाही, म्हणजे... गिऱ्हाईक जाईल ना एक. नेहमीचं. दर महिन्याचा पहिला शुक्रवार, अकरा वाजता, काखेत किल्ट घेऊन दारात. आधी वर्षातून एकदा यायचा. जीन गेली— इस्लाची आई, इस्ला सात वर्षांची होती— त्यानंतर दर महिन्याला. आता किल्ट दर महिन्याला धुतं का कुणी? वर्षातून एकदा धुतला तरी कापड म्हणतं बास. पण वॉटीला म्हणे समुद्राचा वारा लागतो, मीठ बसतं. मी आपली घेते, टाके घालते, धुते, टांगते, आणि किल्ट वाळेपर्यंत तो त्याच खुर्चीवर बसतो, तू बसलायस त्या, चहा पितो, बटरी आणतो दोन, बोटीच्या गोष्टी सांगतो. दोन तास. किल्ट तर मेला इतका स्वच्छ असतो की मीच लाजते— एवढा स्वच्छ माणूस मी पाहिला नाही, जाळी विणणाऱ्या माणसाचे हात, पण किल्टवर एक ठिपका नाही, कधीच नाही. आमच्या त्या नॉर्वेवाल्याचे शर्ट आठवले की—

अठरा. एकोणीस. बोलत राहिले की टाके सुटतात माझे. वीस— हे काय? इथं आत काहीतरी... थांब, चष्मा दे. तो खिडकीतला. ...दोरा आहे. हिरवा. नायलॉनचा दोरा, निरीच्या आत राहून गेलेला, बोटभर. हा माझा नाही. माझा पांढरा असतो. आणि ही गाठ बघ. ही शिंप्याची गाठ नाही, ही जाळ्याची गाठ आहे. जाळं विणणाराच मारतो अशी.

तू शिवलंस का काही याच्यावर? ...बटणसुद्धा लावता येत नाही, बरं. मग कुणी? टोबी, तू तिकडे उतरलायस ना, वॉटीच्या घरी, दहा दिवस झाले ना? त्यानं या किल्टचं काय... तू कधी बघितलंयस का त्याला— ...गुरुवारी? काय करत होता गुरुवारी? ...धुवत होता? घरी? मशीनमध्ये? ...तुला वाटलं सगळेच करत असतील. हां. आणि धुवायच्या आधी? ...स्वयंपाकघरात बसून, चष्मा लावून, एकेक निरी... हिरव्या दोऱ्यानं. आणि मग? ...अभ्र्यात घातला. कुठला अभ्रा? नाही, ते असू दे. पाणी गार? ...तू बघितलंस, गार. आणि व्हिनेगर. कपभर.

व्हिनेगर लोकरीला लागतच नाही, पोरा, ते पॉलिस्टरच्या ठिणग्यांसाठी. ते त्याला माहीत असल्याशिवाय...

आणि गुरुवारी वाळवून, खिडकीशी बसून सगळे टाके उसवून— एक राहिला या वेळी, लग्नाची गडबड— शुक्रवारी अकरा वाजता काखेत घेऊन माझ्याकडे. धुवायला. म्हणजे आधी धुवून, मग धुवायला. म्हणजे बावीस वर्षं माझ्याकडे... आणि म्हणे ‘मीठ बसतं’. आणि ‘काय म्हातारबुवा, बरे आहात ना’—

...म्हातारबुवा. किटलीला नव्हे, टोपीला.

अगं बाई.

दात काढू नकोस. दात काढू नकोस म्हणते ना! मी काही... ही मशीनची वाफ आहे, डोळ्यांत जाते. तो टॉवेल दे इकडे. मच्छीमारांचा असला तरी चालेल. आख्खा चहा गार झाला बघ तुझा. ऊठ. ऊठ, पुरे झालं, माझ्याकडे हॉटेलच्या चाळीस चादरी पडल्यात, तुझ्यापाशी बसून काय माझी कामं होणार आहेत? डाग काढते, पाच बोटं सरकवते, शुक्रवारी तयार होईल. आणि तू न्यायला येऊ नकोस. त्याला पाठव. ...नको, तेही नको. शुक्रवारपर्यंत कशाला? आजच पाठव. दोन वाजले की तो धक्क्यावरून मोकळाच असतो. म्हणावं, इनानं बोलावलंय. किल्टबिल्ट काही आणू नकोस म्हणावं, नुसता ये.

...अरे, नुसता म्हणजे पँट घालून, मूर्खा! निघ आता. आणि दार लोट जाताना— जोरात लोट— हां.